आप्तस्वर

नव्या पंतप्रधानांचं पहिलं भाषण ऐकायला मिरजेतल्या मगदुमांच्या घरात दोनच माणसं होती, चारुशीला आणि तिची आई; वडील, अण्णा, कधीच वारले होते. आईला ती आक्का म्हणायची. आक्कानं दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं होतं. जैनाघरची जुनी शिस्त ती. मंदी येवो नाहीतर प्रलय येवो, तिच्यात फरक पडायचा नाही. ताट धुऊन पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसत ती म्हणाली, "घाल ते कानात. बघू तरी ही बाई काय दिवे लावतीय."

दिवे लावायला वाव भरपूर होता. आधी यंत्रांनी कचेऱ्यांमधली कामं खाल्ली. पगार गेलेल्यांनी खरेदी थांबवली, म्हणून दुकानं बसली. दुकानं बसली म्हणून कुपवाडचे कारखाने बंद पडले. मग एक मोठी बँक बुडाली आणि लोकांनी उरल्यासुरल्या बँकांमधला पैसा उपसून घरी आणला. पैसा देशात होता हो, कुठे गेला नव्हता. तो घराघरांत गव्हाच्या डब्यात बसून होता. दुसरा कोणी खर्च करत नाही म्हणून आपण करायचा नाही, अशा हट्टाला पेटून सगळा देश एकमेकांची तोंडं बघत होता. दोन सरकारं आली आणि पडली. त्यांचे अर्थतज्ज्ञ टीव्हीवर आकडे सांगायचे, ते खरेसुद्धा असतील, पण लोकांचा कोणावर विश्वासच उरला नव्हता. आणि विश्वास काही रेशनवर मिळत नाही.

यावेळी मात्र तो रेशनवरच आला. इरावती सहाय नावाची, सहा महिन्यांपूर्वी कोणी ऐकलीही नव्हती अशी बाई पंतप्रधान झाली, आणि शपथ घ्यायच्या आधीच तिनं रेशनच्या दुकानांतून माणशी एक कर्णिका फुकट वाटली. कर्णिका म्हणजे कानात बसणारं हरभऱ्याएवढं यंत्र. पंतप्रधान हिंदीत बोलणार, आणि ते ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येणार, एवढंच लोकांना सांगितलं होतं. चारूला जास्त ठाऊक होतं. ती एका इस्पितळाच्या श्रवण विभागात कामाला होती, मंदीमुळे अर्ध्या पगारावर. अर्ध्या मिरजेच्या कानात कर्णिका तिनं आणि तिच्या विभागातल्या फिरोज मुजावरनं बसवल्या होत्या.

"बहिणींनो आणि भावांनो," भाषण सुरू झालं. पहिली चार वाक्यं कोरड्या, नाकातल्या, थकलेल्या आवाजात आली. मग तो आवाज हळूहळू ओला व्हायला लागला. जरा खाली उतरला. वाक्यांच्या शेवटी कानडी मुलखाकडचा हेल आला. चार शब्द झाले की एक बारीक धाप, पुन्हा चार शब्द, पुन्हा धाप.

"घाबरायचं नाही," ती बाई म्हणाली. "मी हाय न्हवं इथंच."

चारूच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि दुसऱ्या क्षणी असं काही बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले. खांदे सैल पडले. गेली दोन वर्षं पोटात जो गोळा होता तो विरघळला. ती त्या आवाजाकडे तान्ह्या पोरासारखी ओढली गेली. आणि हा आवाज कोणाचा, हे तिला काही केल्या आठवेना. आठवेना कसलं, तिच्या मते तिनं तो जन्मात ऐकलेला नव्हता.

तिनं आक्काकडे बघितलं. आक्का डोळे मिटून बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं उघडी, दिवे चालू, आणि घराघरांत माणसं डोळे मिटून हसत बसलेली.

आता यातलं शास्त्र सांगायला हवं, ते काही फार अवघड नाही. आपला मेंदू आवाज ओळखतो तो अर्थ कळायच्या आधी. अंधारात "कोण आहे?" म्हणून विचारावं आणि पलीकडून नुसतं "मी" यावं, तेवढ्यानं जीव भांड्यात पडतो. त्या "मी"मध्ये माहिती काहीच नसते, असतो तो फक्त आवाज. विश्वास बसतो तो त्याच्यावर, शब्द मागून येतात. पोटातलं मूलही आईचा आवाज ऐकत असतं आणि जन्मल्यावर तो ओळखतं, हे तर विज्ञानाला कधीचं माहीत आहे.

कर्णिकेच्या आतल्या अंगाला एक बारीक दिवा होता. त्याचा उजेड कानाच्या कातडीतून शिरेवर पडे आणि नाडी कशी चालली आहे, श्वास कुठे अडतो आहे, हे यंत्राला क्षणोक्षणी कळे. मग ते बोलणाऱ्याचा आवाज जरासा बदलून बघे. थोडा जाड, थोडा पातळ, थोडा सावकाश. नाडी शांत झाली की त्याच दिशेला पुढे, बिथरली की मागे. तंबोरा लावणारा खुंटी पिळत पिळत नेमक्या जागी येऊन थांबतो ना, तसंच. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला हे निराळं समजवायला नको. मधूनमधून आपुलकीची चार वाक्यंही यंत्र पदरची घालायचं, तीही नाडी बघूनच आणि घरात चाललेलं बोलणं ऐकून. मुख्य मजकूर तेवढा सरकारचा.

खरी गोम पुढेच आहे. लागलेला आवाज कोणाचा, हे यंत्राला ठाऊकच नसे. त्याला कोणाचं नाव नको, जुनं ध्वनिमुद्रण नको. तुमचं शरीर ज्याच्यावर सगळ्यांत जास्त विसंबतं, त्या माणसापाशी ते तुम्हांला नेऊन सोडायचं, मग ते माणूस जिवंत असो की कधीच जळून राख झालेलं असो. या आवाजाला कागदोपत्री नाव होतं आप्तस्वर.

दुसऱ्या दिवशी बँकांपुढे रांगा लागल्या, पैसे काढायला नव्हे, भरायला. आठवड्यात भांड्यांची दुकानं उघडली, महिन्यात कुपवाडला भोंगा वाजला. पेढे वाटले लोकांनी. आणि एक नवाच प्रश्न गावभर झाला. जो भेटेल तो विचारायचा, "तुला कोण आलं?"

"मला माझी आत्या आली." "मला आमचे तालमीतले वस्ताद." सुरुवातीला मजा वाटली. पण बायको शेजारी बसलेली असताना नवऱ्याला भलतंच कोणी आलं, पोटचा पोरगा समोर असताना म्हातारीला धाकटा दीर आला, असं व्हायला लागलं तेव्हा लोक खोटं बोलायला शिकले. ज्यांना खोटं बोलता येत नव्हतं त्यांच्या घरातून भांड्यांचे आवाज यायला लागले.

"मला कोण आलं सांगू काय, चारूताई?" फिरोज म्हणाला. "आमचे गणिताचे मास्तर! ज्यांनी मला वर्षभर बाकावर उभं केलं, ते. अब्बांनी विचारलं तर मी बिनदिक्कत म्हटलं, अब्बा, तुम्हीच. आता बोला!"

चारूनंही तेच केलं. आक्कानं विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "तू. दुसरं कोण येणार?" आक्काचा चेहरा असा काही उजळला की चारूला स्वतःची शरम वाटली.

"आणि तुला गं?"

"ते नाही सांगायचं," आक्का म्हणाली आणि लाजल्यासारखी उठून आत गेली.

दर रविवारी भाषण होऊ लागलं. आठवडाभर कर्णिका नुसती कानात असली तरी तो आवाज मंदसा गुणगुणत राहायचा, त्यामुळे लोकांनी ती काढायचीच सोडली. चारूनंही काढली नाही. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ती धाप लागलेली बाई तिच्याजवळ असायची. कोण होती ती? आत्या, मावशी, शाळेतल्या बाई, कोणाशी म्हणून तिचा आवाज जुळेना. शेवटी न राहवून चारूनं विभागातल्या तपासणीच्या मेजावर आपली कर्णिका ठेवली आणि आवाजाचा आलेख काढला. फिरोज मागे येऊन उभा राहिला.

"ही धाप बघितली काय?" तो म्हणाला. त्याची थट्टेची तऱ्हा गेली होती. "हा आवाज सुदृढ माणसाचा नाही. हृदयाची झडप खराब असली की माणूस असं बोलतं. आपल्याकडे कानडी मुलखातनं येणाऱ्या किती बायका अशा असायच्या."

"यंत्रात बिघाड असेल."

"बिघाड असता तर यंत्रानं काढून टाकला असता की. उलट त्यानं मुद्दाम घातलाय हा दम. तुमच्या नाडीनं तो मागून घेतलाय, चारूताई. त्याच्याशिवाय तिला चैन पडेना."

दम लागलेल्या माणसाचा आवाज ऐकून कोणाला कधी निवांत वाटतं? घाबरायला होतं. निवांत वाटेल ते फक्त अशाला, ज्यानं जगात आल्यावर पहिल्यांदा तोच आवाज ऐकला.

घरी येऊन तिनं चप्पलही काढली नाही. आक्का गवार मोडत बसली होती.

"आक्का, मला तू नाही आलीस. दम लागलेली, कानडी हेल काढून बोलणारी कोणीतरी बाई येते. कोण आहे ती?"

आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती मोडून तिनं परातीत टाकली.

"गंगव्वा," ती म्हणाली.

मिरजेत एक जुना रिवाज आहे. बाहेरगावाहून उपचाराला आलेली माणसं इस्पितळाजवळच्या घरांतून खोली घेऊन राहतात, आणि घरवाली नाही म्हटलं तरी त्यांच्यात गुंततेच. मगदुमांच्या मागच्या खोलीत अशीच कर्नाटकातल्या अथणीकडची गंगव्वा येऊन राहिली होती. हृदय अधू आणि पोटात बाळ. नवरा एकदा सोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. बाळंतपणातून ती कशीबशी वाचली, पण वर्ष-दीड वर्षानं गेलीच. मूल न्यायला कोणी आलं नाही. आक्काला मूल नव्हतं.

"तुला मी मांडीवर घेतली आणि अण्णांना म्हटलं, आता हिला कोणी मागायला आलं तर मी विळी घेऊन दारात उभी राहीन," आक्का म्हणाली. "खरंच सांगते. तुला सांगायचं सांगायचं म्हणून राहिलं. पहिल्यांदा तू लहान होतीस म्हणून, मग मोठी झालीस म्हणून."

असं काही ऐकल्यावर माणसानं आक्काच्या गळ्यात पडायला हवं होतं, असं तुम्हांला वाटेल. चारूलाही पुढे तसंच वाटलं. त्या घडीला मात्र तिला भयंकर राग आला. चव्वेचाळीस वर्षं! ज्या घरात ती माझी आई मेली त्याच घरात मी वाढले, त्या मागच्या खोलीत झोपून परीक्षांचे अभ्यास केले, आणि तुम्ही दोघं तोंड शिवून बसलात! हे सगळं ती मनात म्हणाली. तोंडानं काहीच बोलली नाही. तो तिचा लहानपणापासूनचा स्वभाव, राग आला की अबोला. आपल्या अबोल्याला आक्का किती भिते, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवसामागून दिवस गेले. दोघी एका घरात राहत होत्या आणि घरात शब्द नव्हता. चारूच्या कानात गंगव्वा होती. तिच्याशी बोलायला तोंड उघडावं लागत नव्हतं.

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस नेमका रविवारी आला. त्या दिवशी जैन माणूस घरीदारी, नात्यागोत्यात सगळ्यांपुढे हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो. वर्षभरात चुकलंमाकलं पोटात घाला, असं मागायचं. समोरच्यानंही तेच म्हणायचं. वैरीसुद्धा त्या दिवशी तोंड फिरवत नाही. आक्का सकाळी बसदीत, जैन मंदिरात, जाऊन आली, दारातच थांबली आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई आपल्या लेकीपुढे हात जोडून म्हणाली, "चारू, उत्तम क्षमा. माझं चुकलं. तू एकदा म्हण, म्हणजे मी सुटले."

एकच शब्द म्हणायचा होता. तो ओठांपर्यंत आलाही होता. पण आधी हिला थोडं भोगू दे, संध्याकाळी म्हणू, असं चारूच्या मनात आलं आणि ती वर्तमानपत्राचं पान उलटत राहिली. आक्का जराशी थांबली, मग हात सोडून आत गेली. संध्याकाळची वेळ चारूनं मनात अगदी ठरवून ठेवली होती.

संध्याकाळी भाषण झालं. मंदी सरते आहे, पंतप्रधान म्हणाल्या, पण घराघरांवर अजून भार आहे. तरुण माणसं कामाला मोकळी हवीत. म्हणून सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी सरकारनं "विसावा" उभारला आहे. तिथे अन्न आहे, औषध आहे, सोबत आहे. उद्यापासून बसगाड्या येतील. ज्यांना आपल्या लेकरांचं भलं हवं त्यांनी यावं.

चारू ऐकत होती, आणि गंगव्वा धापा टाकत तिला सांगत होती, "म्हातारी माणसं गेली म्हंजे घर हलकं हुतंय बाय. जाऊ दे तिला. मी हाय न्हवं." केवढं खरं वाटलं ते! केवढं सोपं! चारूची मान आपोआप हलली. आणि मग, कशी कोण जाणे, तिची तिलाच भीती वाटली. विसावा आहे तरी कुठे? परत कधी आणणार? हे प्रश्न आपल्याला पडायला हवे होते, ते पडले का नाहीत? तिनं कर्णिका ओढून काढली. काढताना दात उपटल्यासारखं दुखलं. समोर टीव्हीवर इरावती सहाय कोरड्या आवाजात हिंदीतून कागद वाचत होत्या. पापणी न हलवता वाचत होत्या, आणि त्यांच्या कानात कर्णिका नव्हती.

आक्काच्या होती. ती डोळे मिटून ऐकत होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मध्येच ती स्पष्टपणे म्हणाली, "बरं बाई. बरं." मग डोळे उघडून तिनं चारूकडे अशा काही मायेनं पाहिलं की चारूनं नजर वळवली. उद्या बोलू, असं मनाशी म्हणून ती उठून गेली. कर्णिका मात्र तिनं पुन्हा घातली नाही.

सकाळीही ते बोलणं संध्याकाळवर टाकून ती इस्पितळात पोचली तर फिरोज शीळ घालत कर्णिका पुसत होता.

"अब्बांना सोडून आलो," तो म्हणाला.

"कुठं सोडून आलास?"

"विसाव्याला की. पहाटेच्याच गाडीनं गेले. एकदम खूश होते."

"अरे, पण कुठं आहे हा विसावा? पोचले काय ते? फोन तरी लागतोय काय त्यांचा?"

"लागेल की," फिरोज हसून म्हणाला. "त्यात काय एवढं? मास्तर म्हणाले, काळजी करू नकोस." दोन महिन्यांपूर्वी अब्बांच्या नुसत्या खोकल्यानं रात्रभर जागणारा हा माणूस! त्याचे डोळे स्वच्छ होते, चेहऱ्यावर सुरकुतीएवढी काळजी नव्हती.

चारू पर्स तिथेच टाकून पळाली.

घराला कडी होती. आत ओट्यावर तिच्या जेवणाचं ताट झाकून ठेवलं होतं. शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आक्का होय? त्या तर मघाशीच पिशवी घेऊन मैदानावर गेल्या. आमच्या ह्यांच्या आईपण गेल्या बघ," असं त्यांनी सांगितलं, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं.

मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. शेकडो म्हातारी माणसं होती आणि गलका म्हणून नव्हता. कोणी रडत नव्हतं, कोणी कोणाला मिठी मारत नव्हतं. काठ्या टेकत, एकमेकांना हात देत ती शिस्तीनं चढत होती, आणि सोडायला आलेले मुलगे, सुना, नातवंडं हसऱ्या तोंडांनी उभी होती. चारू एकेका गाडीच्या खिडक्या बघत धावली. आक्का चौथ्या की पाचव्या गाडीत दाराजवळच बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"आक्का, उतर खाली!" चारू पायरीवर चढली. "चल घरी!"

"अगं, आलीस होय तू? बरं झालं," आक्का म्हणाली. "आमटी गरम करून घे हं."

"आक्का, कुठं चालली आहेस? कोणी सांगितलं तुला जायला?"

आक्कानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "कोणी म्हणजे? तूच सांगितलंस की काल."

"मी?"

"मला पहिल्या दिवसापासून तूच येतेस गं," आक्का हलक्या आवाजात म्हणाली. "माझं दुसरं आहे कोण? इतके दिवस तू घरात बोलत नव्हतीस, पण इथं बोलायचीस." तिनं कानाला बोट लावलं. "म्हणून तर मी तगले. काल तू म्हणालीस, आक्का, तू जा आता, म्हणजे मी मोकळी होईन. माझी पोर एवढी गोड बोलून काही मागतेय, आणि मी नाही म्हणू होय?"

"ती मी नव्हे! यंत्र आहे ते!" चारू ओरडली. तिचा आवाज फाटला. "आक्का, माझं चुकलं. उत्तम क्षमा. उत्तम क्षमा, आक्का. चल घरी."

"क्षमा तर तू कालच केलीस की मला," आक्का म्हणाली. "माझं काहीसुद्धा मनात नाही, म्हणालीस. आता परत कशाला?"

चारूनं पुढे होऊन आक्काच्या कानातली कर्णिका उपसून काढली. आक्का दचकली. तिनं पिशवी छातीशी धरली, आणि तिच्या चेहऱ्यावरची सगळी माया विझून तिथे भीती आली. समोर एक घामाघूम, केस सुटलेली बाई तारस्वरात ओरडत होती.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "माझी चारू अशी बोलत नाही माझ्याशी." आणि शेजारणीकडे सरकून तिनं तोंड फिरवलं. शेजारणीनं हसत हसत आपली कर्णिका काढून तिच्या कानात घातली. थोड्याच वेळात आक्काचे खांदे सैल झाले.

गाडी सुरू झाली. चारूनं दाराचा दांडा घट्ट धरला. ती सोडणार नव्हती, ओढत नेली तरी. दुसऱ्या मुठीत आक्काची कर्णिका होती. काय म्हणते ही माझ्या तोंडून, हे एकदा ऐकावं म्हणून तिनं ती कानात बसवली.

तो तिचाच आवाज होता. हुबेहूब. पण एवढा मऊ, एवढा दयाळू, की आयुष्यात ती आक्काशी असं एकदाही बोलली नव्हती. "आक्का," ती म्हणत होती, "तू खूप केलंस माझ्यासाठी. दमलीस. आता जा. माझं सगळं नीट होईल." चारूला हुंदका आला. असं बोलता येत होतं तर आपल्याला! मग आपण का नाही बोललो?

तिच्या कानाच्या शिरेवर बारीक उजेड पडत होता.

"आता जा," तोच आवाज पुन्हा म्हणाला, जरासा खाली उतरून. शेवटी किंचित हेल आला. चारूला कळलं. कर्णिका काढायला हवी हे तिला लख्ख कळलं, आणि हात काही वर जाईना. एक हात दांड्यावर होता, आणि दुसरा, दुसऱ्याला उठावंसं वाटत नव्हतं. चार शब्द, मग धाप. पुन्हा चार शब्द.

"सोड बाय," गंगव्वा म्हणाली. "हात सोड. लागंल तुला. मी हाय न्हवं इथंच."

किती बरं वाटलं. पोटातला गोळा विरघळला, रडं थांबलं. दांड्यावरची बोटं एकेक करून सुटली आणि ती अलगद पायरीवरून जमिनीवर उतरली. गाडी मैदानाबाहेर पडून कृष्णाघाटाच्या रस्त्याला वळली. खिडकीतून आक्का कोणाला तरी हात करत होती.

चारूनं पदरानं तोंड पुसलं आणि तीही सगळ्यांसारखी हात हलवत, हसत उभी राहिली.